तुंगारेश्वरची कढई आणि आम्ही चौघं

नोकरी चांगली चालली की माणसाजवळ बढतीची पत्रं उरतात आणि बुडाली की किस्से. माझ्याजवळ पत्र एकच आहे, तेही कामावरून कमी केल्याचं. किस्से मात्र इतके, की मुलगा जेवताना हात जोडतो, "आई, आज ज्वालामुखी नको, नुसती आमटी वाढ!"

तर तुम्ही ऐका. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. वसईत, माणिकपूरला एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली इलेक्ट्रिकचं दुकान, वर आम्ही. मुंबईतल्या एका कंपनीला वाटलं होतं की वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला जमिनीतून कढत पाणी येतं, म्हणजे खाली वाफ असणार. आणि वाफ असली की वीज करता येईल. ते शोधायला त्यांनी आम्हा चौघांना ठेवलं.

साहेब म्हणजे देवस्थळी सर. भूगर्भशास्त्र शिकवून कॉलेजातून रिटायर झालेले. जीप चालवायला बस्त्याव, वसईचा जुना वाडीवाला ख्रिस्ती. घरी त्याची स्वतःची बोली, जी आम्हाला अर्धी कळायची, आणि आमच्याशी मराठी, जी सगळी कळायची. जमिनीत भोक पाडायला गणपत मिस्त्री, दुष्काळी जतकडचा, जन्मभर बोअर मारलेला. आणि मी, ट्रेसर. सरांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने तो नीट उतरवायचा, हे माझं काम. मूळ मालवणकडची, राहायला आचोळ्याला. नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची सावंतबाई, फक्त बस्त्याव "बाय" म्हणायचा.

सर आता नाहीत. मिस्त्री गावी गेला तो गेलाच, त्याचा पत्ता लागत नाही. मी आणि बस्त्याव भेटतो ते कोणाच्या तरी दहाव्याला, नाहीतर चर्चमधल्या मिसाला. तिथे हळू आवाजात बोलावं लागतं, म्हणून किस्से इथे सांगते.

*

पहिल्याच आठवड्यात बस्त्यावने विचारलं, "सर, आपण शोधतोय काय नक्की?"

सरांनी उत्तर द्यायला ऑफिसचा स्टो पेटवला! चहासाठी आणलेलं अर्धा लिटर दूध पातेल्यात ओतलं आणि आम्हाला भोवती उभं केलं.

"हे बघा. दूध तापलं, साय वर आली. हा झाला ज्वालामुखी. आता स्टो बंद. साय खाली बसली. मध्ये खड्डा, कडेला सुरकुत्या. डोंगराचंही हेच. पोटातला तापलेला रस बाहेर पडला की वरचं छप्पर आत कोसळतं आणि मैलोन्‌मैल पसरट खड्डा तयार होतो. त्याला म्हणतात कॅल्डेरा. आपल्या भाषेत कढईच!"

मग त्यांनी स्टो पुन्हा पेटवला. साय मधोमध फुगत वर आली आणि कडेला फाटली.

"आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. खालून पुन्हा रस चढला की कढईचा तळ उचलला जातो. उचलला की फाटणारच. त्या फटींतून पावसाचं पाणी खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. तुंगारेश्वरचा डोंगर म्हणजे असा उचललेला तळ आहे आणि भोवतीच्या टेकड्या म्हणजे कढईची कड, असं माझं म्हणणं आहे. गरम पाण्याची कुंडं आहेत ती या फटींवर."

आम्ही थक्क. रोज जाता-येता दिसणारा डोंगर, आणि हे त्याच्या पोटात!

बस्त्याव विचार करून म्हणाला, "मस्त आहे. पण सर, या डोंगराखालचा स्टो बंद कधी झाला?"

"साडेसहा कोटी वर्षं झाली असतील."

"मग दूध अजून गरम कसं?"

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं, एकाही पोराने हे विचारलं नाही."

"उत्तर काय पण?"

"उत्तर असतं तर कंपनीने आपल्याला ठेवलं कशाला असतं?"

तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या दिवशी सगळे कोरा चहा प्यालो.

*

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने तळमजल्यावरच्या काकांना. रविवार उजाडेपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळलं की सावंतवहिनींच्या ऑफिसला डोंगराखाली ज्वालामुखी सापडला आहे!

सोसायटीची मीटिंग तशी गच्चीवर व्हायची आणि सात-आठ माणसं यायची. त्या दिवशी सतरंजी पुरली नाही.

"फुटणार कधी?" चौथ्या मजल्यावरचे मास्तर.

"माझ्या मुलीचं लग्न वैशाखात आहे हो. तोवर थांबेल ना?" शेजारच्या जोशीकाकू.

मी परोपरीने सांगितलं, की तो केव्हाच विझलाय, आता फक्त खाली पाणी आहे.

पाणी हा शब्द उच्चारला आणि गच्ची शांत झाली. आचोळ्याला तेव्हा पाण्याचे काय हाल होते ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक. टँकर आला की बायका कणकेच्या हातांनी खाली धावायच्या. माझ्या मुलाला बोलता यायला लागलं तेव्हाचे त्याचे पहिले चार शब्द म्हणजे आई, बाबा, भूभू आणि टँकर.

सेक्रेटरी पुढे सरकून बसले. "वहिनी, पाणी आहे म्हणता. कसं आहे?"

"कढत आहे."

"चालेल! निववून घेऊ!"

मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. उलट तिथल्या तिथे पाण्यासाठी अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. मास्तरांनी सहीखाली "अत्यंत निकड" असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो शरमत सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचला, पंच केला आणि प्रकल्पाच्या फायलीत सर्वांत वर लावला.

"राहू दे," म्हणाले. "आपल्याला लोकांकडून मिळालेला हा एकुलता एक पाठिंबा आहे."

*

दर महिन्याला सर वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या गरम कुंडाचं तापमान घ्यायचे. शिरसाडवरून आत वळायचं, पारोळ मागे टाकायचं आणि पुढे तासभर खडखडत जायचं. नोंदी लिहून घ्यायला मी सोबत असायची.

तिथे एक नाना भेटायचे. वसईचे जुने बागायतदार. गुडघ्यांनी दावा मांडलेला. दर गुरुवारी एसटीने यायचे, कुंडात पाय सोडून बसायचे. आम्हाला बघून एकदा म्हणाले, "साहेब, पाणी गार होत चाललंय बरं का."

सरांचा चेहराच उतरला. कुंडं निवत असतील तर सगळंच संपलं! त्यांनी तीन थर्मामीटर काढले, तीन कोपऱ्यांत तीनदा बुडवले. मग पिशवीतून एक जुनी वही काढली. तीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी त्याच कुंडाचं तापमान मोजलं होतं. आकडे ताडून पाहिले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"नाना, पाणी होतं तेवढंच आहे. अर्ध्या डिग्रीचा फरक नाही!"

नाना बराच वेळ ओंजळीने गुडघ्यावर पाणी घालत राहिले.

"मग मी गार होत चाललो असेन," म्हणाले.

बस्त्याव खो खो हसला. मी हसले. नानाही हसले. सर तेवढे हसले नाहीत.

पुढच्या महिन्यात आम्ही मुद्दाम गुरुवार धरून गेलो, नाना नव्हते. त्याच्या पुढच्या महिन्यातही नव्हते. तिसऱ्या खेपेला सरांनी मला आकडा सांगितला, तो मी लिहिला. शेवटच्या रकान्यावर "शेरा" असं छापलेलं असायचं, तो आम्ही नेहमी कोराच ठेवायचो. सरांनी वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला : "नाना आले नाहीत."

ती वही तशीच मुंबईला गेली. नाना कोण, असं तिथून कोणी विचारलं नाही.

*

मग भोक पाडायचं ठरलं. पारोळच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी मशीन लागलं. तिथून गणपत मिस्त्रीचं राज्य सुरू झालं.

तिसऱ्याच दिवशी मिस्त्री ओरडत आला, "पानी! सायेब, पानी लागलं!"

आम्ही धावलो. पायपातून पांढरंशुभ्र पाणी उसळत होतं. मिस्त्री त्यात चिंब. एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माणूस, पण त्याने बस्त्यावला नारळ आणायला पिटाळलं होतं. सरांनी वाकून पाण्यात हात घातला.

"गार आहे," म्हणाले आणि शेजारच्या दगडावर बसले.

मिस्त्रीला कळेना. आजवर ज्याच्या रानात त्याच्या हातून पाणी लागलं, त्याच्या घरचे सगळे आनंदाने रडायचे, त्याला टॉवेल-टोपी देऊन मान करायचे. हा पहिलाच मालक, जो पाणी लागलं म्हणून खाली बसला!

सरांनी समजावलं. हे वरचं गार पाणी खालच्या गरम पाण्यात मिसळून चालणार नाही. लोखंडी पाइप घालून, कडेने सिमेंट भरून ते बंद करायचं आणि मग खोल जायचं.

"बंद करायचं?"

"हो."

"सायेब, माझ्या गावात ह्या पान्यापायी सात भोकं कोरडी गेली. मी सोता मारल्याली. माझ्या दारातलं धरून. आन् हितं लागल्यालं पानी मी माझ्या हातानं बुजवू?"

"मिस्त्री, आपल्याला खालचं हवं आहे."

"खालचं कुनी बघितलंय?"

त्या दिवशी मशीन बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने कोणी न सांगता पाइप उतरवला, सिमेंट भरलं. डबा तसाच परत नेला.

आठवड्याने सर मीटिंगसाठी मुंबईला गेले. परत येऊन पाहतात तर जवळच्या पाड्यापाशी एक नवीन भोक, त्यावर कुठून तरी आणलेला जुना हातपंप, आणि बायका हंडे घेऊन रांगेत! मिस्त्री मान खाली घालून उभा. त्याला वाटलं, आता नोकरी गेली.

सरांनी पंपाचा दांडा दोनदा हलवून पाहिला. पाणी प्यायले. ऑफिसला आल्यावर अहवालात मला लिहायला सांगितलं, "चाचणी विहीर क्रमांक दोन."

पंधरा दिवसांनी मुंबईहून पत्र आलं : चाचणी विहीर क्रमांक दोनचं तापमान कळवलेलं नाही, ते त्वरित कळवावं.

सरांनी कळवलं : "पिण्याजोगं."

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मी घरी सांगत नाही.

कढईचा मोठा नकाशा करायचा होता. पूर्वेकडच्या टेकड्या डोळ्यांना दिसतात, त्यामुळे तिकडची कड सरांनी ठसठशीत काढली होती. पश्चिमेला मात्र मिठागरं, खाजण, पुढे समुद्र. तिकडे कड असलीच तर चिखलाखाली. सर म्हणाले, "सावंतबाई, इथे तुटक रेषा. आणि प्रत्येक तुकड्यापुढे प्रश्नचिन्ह, नाहीतर बघणारा धरून चालेल की ही कड आपण पाहिली आहे. विसरू नका."

मी तुटक रेषा काढली. शाई वाळली की प्रश्नचिन्हं काढू, म्हणून पेन धुवायला उठले आणि खालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. मुलाला ताप होता, शेजारी ठेवून आले होते. जोशीकाकू म्हणाल्या, "अंग भाजतंय गं त्याचं, ये लवकर!" मी तशीच पळाले. बस्त्यावला काय माहीत? तो नकाशा उचलून छापायला घेऊन गेला.

दोन दिवसांनी कंपनीचे डायरेक्टर आले. सोबत बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ. नकाशे उलगडायला मी तिथेच उभी होते. सर छान बोलत होते. उचललेला तळ, फटी, कुंडं, सगळं. तज्ज्ञ मान डोलवत होते. मग त्यांनी पश्चिमेच्या रेषेवर बोट ठेवलं.

"ही कड तुम्ही कुठे पाहिलीत?"

सरांनी नकाशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एकदाच.

"पाहिलेली नाही."

"मग काढली कशी?"

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

तज्ज्ञांनी पेनाला टोपण लावलं. टिक्‌ असा आवाज झाला. त्यानंतर ते तासभर बसले, चहाही घेतला, पण त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नाही. सरांनी माझं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं? मला रागावले असते, इतकंच. त्यांची मात्र आयुष्यभराची अब्रू त्या एका रेषेवरून गेली.

संध्याकाळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन रडले. सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"मुलाचा ताप उतरला का?"

"उतरला."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मी लवकर ऑफिसला आले आणि मूळ कागदावर सगळी प्रश्नचिन्हं काढली. कोणी मागितली नव्हती.

*

भोक तळाला पोचलं तेव्हा आम्ही सगळे साइटवर होतो. थर्मामीटर दोरीने खाली सोडला, वर ओढला. सरांनी वाचला. मिस्त्रीने सरांचा चेहरा वाचला आणि मशीन पुसायला घेतलं.

पाणी गरम होतं. चांगलं गरम होतं! पण वीज करायला वाफ लागते, तेवढं नव्हतं.

जीपमध्ये सर बस्त्यावला म्हणाले, "तुझं बरोबर होतं. स्टो केव्हाच विझलाय. ज्वालामुखीची ऊब राहिलेली नाही. पाणी तापतं ते नुसतं खोल जातं म्हणून. तेवढं खोल गेलं तर कुठलंही पाणी तापेल."

"म्हणजे कढई नाहीच?"

"कढई असेलही. पण थंड."

वसई आली तशी बस्त्यावला राहवलं नाही, त्याने जीप सरळ आपल्या घरी घेतली. त्याची बायको मारिया दारातच केळी सोलत बसली होती. वसईची सुकेळी तुम्हाला माहीत असतील, पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवायची आणि पानात गुंडाळून ठेवायची. मारियाचा त्यात हातखंडा. त्या वर्षी आभाळ सारखं भरून यायचं, तिची दोन वेळा केलेली सुकेळी बुरशीने गेली होती.

सर तिच्या टोपल्यांकडे बघता बघता एकदम उठून उभे राहिले. "वीज राहू दे! केळी सुकवायला एवढी उष्णता पुष्कळ झाली!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्र्याचा एक डबा करून घेतला, त्यात जाळ्या बसवल्या, भोकातलं गरम पाणी खालून खेळवलं आणि मारियाची शंभरेक केळी आत ठेवली. चार दिवस आम्ही डोळ्यांत तेल घालून राखण केली. पाचव्या दिवशी मारियाने एक सुकेळं उचललं, दाबून पाहिलं, तोडून खाल्लं. आम्ही तिच्या तोंडाकडे बघतोय!

"सुकलंय झकास," ती म्हणाली. "फक्त खाल्लं की वज्रेश्वरीला आंघोळ केल्यासारखं वाटतं!"

गंधकाचा वास! सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. मग त्यांनी रीतसर अहवाल लिहिला. पाणी बंद पाइपातून फिरवलं तर वास येणार नाही. केळी सुकतील, मासळी सुकेल, भात वाळेल. इथल्या लोकांच्या उपयोगाचं काम होईल. मी आकृत्या काढल्या. आयुष्यात इतक्या मन लावून कधी काढल्या नव्हत्या.

डायरेक्टरांचं उत्तर एका ओळीचं होतं : "आम्ही केळी सुकवायला कंपनी काढलेली नाही."

त्याच लिफाफ्यात आमची चौघांची कमी केल्याची पत्रं होती.

*

शेवटचा हा. माझ्या मते हाच सगळ्यात चांगला.

भोक पाडताना आतून दगडाची गोल कांडी निघते, मनगटाएवढी जाड. तिला कोअर म्हणतात. प्रत्येक कांडीवर किती खोलातली ते रंगाने लिहायचं आणि लाकडी पेटीत क्रमाने लावायचं. डोंगराच्या पोटातलं सगळं असं पेट्यांत भरून ठेवलेलं असतं. ऑफिस बंद करताना मुंबईहून सांगणं आलं, पेट्या परत पाठवा, दगड टाकून द्या!

सर म्हणाले, "टाका." आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

बस्त्यावने दगड टाकले नाहीत. चार खेपा करून स्वतःच्या वाडीत नेले. आम्हाला वाटलं, भरावाला घातले असतील.

मग वर्षं गेली. मी एका आर्किटेक्टकडे लागले, पुढे तिथेही कॉम्प्युटर आला आणि घरी बसले. मारिया गेली. दोन हजार सालानंतरची गोष्ट, सरांच्या मुलीचा फोन आला. सर तिच्याकडे राहायला होते. म्हणाली, "बाबांना आता काही आठवत नाही. मलाही कधी ओळखतात, कधी नाही. पण रोज सकाळी बूट घालून बसतात. साइटवर जायचं म्हणतात."

साइटला तोवर कोणी तरी कुंपण घातलं होतं. मी बस्त्यावला विचारलं. तो म्हणाला, "बाय, माझ्या वाडीत घेऊन या त्यांना."

रविवारी दुपारी मुलगी त्यांना रिक्षातून घेऊन आली. किती वाळले होते! मी पुढे होऊन नमस्कार केला.

"नमस्कार," सर अगदी अदबीने म्हणाले. "आपण कुठल्या?"

मी सांगितलं, आचोळ्याची. "असं का," म्हणाले. बस्त्यावने हात धरला तर त्याला म्हणाले, "रिक्षा थांबवून ठेवा हं, आम्हाला लगेच निघायचंय."

बस्त्यावने फाटक उघडलं. फाटकापासून आतल्या विहिरीपर्यंत पायवाट होती, आणि पायवाटेच्या कडेने, अबोलीच्या वाफ्याला लागून, दगडाच्या कांड्या उभ्या पुरलेल्या होत्या. एकापुढे एक. रंगाचे आकडे सगळे पायवाटेकडे तोंड करून.

"नंबर चुकवलेला नाही सर," बस्त्याव म्हणाला. "वरचं फाटकापाशी. तळाचं विहिरीपाशी."

सर थांबले. मग हळूहळू गुडघे टेकून खाली बसले. पहिल्या दगडावर तळहात ठेवला.

"झिजलेला आहे. वरचा थर," म्हणाले.

मुलगी त्यांना उठवायला पुढे झाली, मी तिला थांबवलं. सर एकेका दगडाला हात लावत पुढे सरकत होते. "बेसाल्ट... बेसाल्ट... हे पांढरे ठिपके बघा, वायूचे बुडबुडे होते, त्यात नंतर खडे तयार झाले... आणि ही लाल पट्टी. एक लाव्हा निवला, त्यावर पाऊस पडला, माती झाली. मग दुसरा आला. मध्ये किती काळ गेला असेल कोण जाणे."

मुलगी तोंडावर पदर धरून उभी होती. वर्षभरात ते असं सलग बोलले नव्हते.

अर्ध्याहून जास्त वाट झाली आणि ते थांबले. तिथे वाफ्याच्या कडेला एक जागा रिकामी होती. सरांनी मागचा आकडा वाचला, पुढचा वाचला. मग मान वर केली आणि ऑफिसातल्या त्या जुन्या आवाजात विचारलं, "इथला कुठे आहे?"

बस्त्याव ताठ उभा राहिला, पूर्वी राहायचा तसा.

"सर, तो... मारिया गेली ना. तिच्या कबरीवरचा लाकडी क्रूस वाळवीने खाल्ला. दुसरा करेपर्यंत म्हणून हा दगड तिच्या डोक्याशी लावला. मग राहिला तिथेच. उद्या आणून जागेवर लावतो, सर."

सर त्या रिकाम्या जागेकडे वळले. तिथली माती त्यांनी बोटांनी जराशी सारखी केली.

"नको," म्हणाले. आणि मागे न बघता, "सावंतबाई, लिहून घ्या. हा नमुना वापरात आहे."